सांगोल्याच्या बाजारात, पायांसकट

माझे छंद टिकत नाहीत: हार्मोनियम धूळ खातेय, केकचा ओव्हन माळ्यावर गेलाय. म्हणून मी जुना कॅमेरा घेतला तेव्हा आमच्या ह्यांनी हॉलमध्ये एक खिळा ठोकला आणि अट घातली: दिवाळीपर्यंत इथे टांगण्याजोगा एक फोटो काढ, नाहीतर कॅमेरा विकायचा. महिनाभर मी कुंडीतला मोगरा टिपला, तोही हललेला.

मग ठरवलं, सांगोल्याचा रविवारचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार गाठायचा. सोलापूर स्टँडवरून पहाटेची एसटी धरा, दोन-अडीच तासांत पोचता. बायकांना अर्धं तिकीट, अजून काय हवं! उशीर केलात तर नुसत्या लेंड्या दिसतील. मी गेल्या गेल्या पन्नास फोटो काढले, सगळे पांढरेफटक! घरात ट्यूबलाइटखाली केलेलं सेटिंग उन्हात तसंच राहिलेलं. कपाळावर हात मारला, गरम भजी खाल्ली आणि पुन्हा सुरू केलं.

तिथे मेंढा विकायला आलेल्या ताराआजी भेटल्या. फोटो काढू का विचारलं, तर पदर सावरून ताठ उभ्या राहिल्या. मी लावलेल्या फोटोग्राफीच्या क्लासमध्ये शिकवलंय, जवळ जा, चेहरा भरून घ्या. घेतला. एकेक सुरकुती लख्ख! खिळ्याची सोय झाली म्हणून मी खुशीत आजींना दाखवला.

"माजं पाय कुटं हायती?"

चेहरा छान आलाय म्हटलं, पण त्यांना पटेना. आजवर लग्नाकार्यात लोकांच्या मागून त्यांचं डोकंच तेवढं आलेलं, एकटीचा फोटो एकही नाही. मेल्यावर त्यातलंच डोकं मोठं करून पोरं हार घालतील, म्हणाल्या. "पर मला जितेपनी बघायचा हाय. आनि ह्या पायांनीच मेंढरामागं जलम काढलाय की."

मग त्या हुकूम सोडत गेल्या, मागं सर, अजून सर, आणि मी सरत सरत कडब्याच्या पेंढ्यांवर धपकन बसले. अख्खा बाजार हसला, मीही. तशीच बसून फोटो काढला: आजी, मेंढा आणि कोऱ्या वहाणा.

क्लासमध्ये सर म्हणाले, फार लांबून काढलाय. म्हणू देत. मी तो फ्रेम करून पुढच्या रविवारी पुन्हा सांगोल्याला गेले. आजींनी पदराने काच पुसली, आधी पायांवरची.

"आता पुरी आले की मी."

परतीच्या एसटीत मी वेड्यासारखी एकटीच हसत होते. घरी ह्यांनी विचारलं, फोटो कुठाय? सांगितलं, लागला भिंतीवर, पण आजींच्या. सकाळी पाहते तर त्या खिळ्याला माझा कॅमेरा अडकवलेला.