ओवी म्हणणार न्हाई

"मॅडम, खांद्यावर घोंगडं घ्या आन् फाटकापाशी उभ्या राहा. पाहुण्यांना तुमची संस्कृती दिसू द्या."

विभागप्रमुख सर सगळ्यांदेखत म्हणले. अंबडच्या आमच्या कॉलेजात त्या दिवशी भारतीय तत्त्वज्ञानावर परिसंवाद होता. मी तिथं तत्त्वज्ञानच शिकवायचे, पण तासिकेवर, कायम न्हाई. मलाही पेपर वाचायचा होता. पत्रिकेत नाव छापल्तं. तरी उन्हात उभी राह्यले. गाडीतून उतरणाऱ्यांना गुलाब देत. एकानं माझ्यासोबत फोटो काढला. नाव न्हाई विचारलं.

आम्ही धनगर. घनसावंगीकडं बापाची मेंढरं होती. कोकरू मरायला टेकलं की माय त्याच्या तोंडात पाणी सोडायची. म्हणायची, "जीव येकच हाय बाई. कातडी तेवढी बदलती." माझा पेपर त्यावरच होता. जीव, मरण, माती. आमची माणसं याचा काय विचार करतात, त्यावर.

आत मोठे वक्ते बोलून राह्यले होते. सर्वांत एकच आत्मा. भेद हा भ्रम. टाळ्या. मी भिंतीला टेकून उभी. मला खुर्ची न्हाई ठेवली.

मंग सरांनी माईक घेतला. "आता आमच्या मॅडम त्यांच्या समाजाची एक गोड ओवी म्हणतील."

मी जवळ गेले. हळूच विचारलं, "सर, माझा पेपर?"

"अहो, ते लोकसाहित्य झालं. तत्त्वज्ञान ग्रंथात असतं. म्हणा ओवी, जल्दी. जेवणं खोळंबलीत."

अंगाची आग झाली. इतकी वर्षं यांचे ग्रंथ शिकवले. जीव ओतून. माझ्या मायचं एक वाक्य यांना सोसत न्हाई? तेच संस्कृतात आलं की टाळ्या?

माईक हातात घेतला. "मी ओवी म्हणणार न्हाई. पेपर वाचणार."

दुसऱ्याच ओळीला माईक बंद झाला. वाचत राह्यले. लोक उठले, जेवायला गेले. घसा फाटला. ऐकायला कुणी उरलं न्हाई. तरी शेवटपर्यंत वाचला.

जूनमध्ये मला तास मिळाले न्हाईत. सर फोनवर म्हणले, "माफी मागा, मंग बघू."

न्हाई मागितली. मागणार न्हाई.

पीएचडीला तोच विषय टाकलाय. विद्यापीठातले लोक म्हणतात, शीर्षकात 'लोकसंस्कृती' लिहा, लगेच मंजूर होईल. मी 'तत्त्वज्ञान' लिहिलं. परत आलं.

पुन्हा तेच लिहून पाठवलंय. पुन्हा परत आलं, तर पुन्हा तेच लिहीन.