एकाहत्तर उजवे बूट

बुटांच्या त्या दुकानात बसणाऱ्या बाईंना सगळा रस्ता वहिनी म्हणायचा. समोरचा शिंपी, पलीकडचा कुलूपवाला, भाजीची गाडी ढकलणारा, सगळे मानलेले दीर. सख्खा दीर एकच होता आणि दुकान विकायला निघाला होता तो नेमका तोच. एके दिवशी सकाळी तो शेजारच्या मोबाइलवाल्याला घेऊन आला. मोबाइलवाल्याने बूट पाहिले नाहीत, सरळ छत पाहिलं आणि दिवे कुठे लावायचे ते बोटाने मोजलं.

"वहिनी, रागावू नका," दीर म्हणाला. "रस्त्याच्या टोकाला तीन मजली शोरूम झालंय. तुमच्याकडे दिवसाला माणसं येतात किती? दोन? त्यातलं एक पत्ता विचारायला येतं."

हे खरं होतं, म्हणून वहिनींना जास्तच झोंबलं. "पत्ता विचारायला का होईना, माझ्याच दारात येतं ना!" म्हणाल्या आणि मोबाइलवाल्याच्या डोक्यावरचा पंखा बंद केला.

दुकान दोघा भावांच्या नावावर. विकायचं तर दोघांच्या सह्या हव्यात. धाकट्याचं पेन तयारच होतं. थोरला, म्हणजे वहिनींचा नवरा, गुडघे धरल्यापासून पाच महिने दुकानाच्या वरच्या खोलीत खिडकीशी बसून होता. गुडघे त्याचे दुखत होते हे खरं, पण जिना न उतरण्याचं कारण तेवढंच नव्हतं. रिकामं दुकान त्याला बघवत नव्हतं.

"अहो, तुम्ही तरी तोंड उघडा," वहिनी वर जाऊन म्हणाल्या.

"काय बोलू? नवा माल भरायला हातात पैसा नाही. ठोक व्यापारी उधारीवर दारात उभं करत नाही." तो खिडकीबाहेर बघतच बोलला. "शाळा सुरू व्हायला दोन महिने आहेत. तोवर तू दुकान नव्या मालाने भरलंस तर सही नाही करत. नाहीतर करून टाकतो. तुझी तडफड आता बघवत नाही मला."

"माझी तडफड मी बघून घेईन. तुम्ही तेवढं पेन लपवून ठेवा."

खाली येऊन वहिनींनी पदर खोचला. नवा माल घ्यायचा तर आधी जुना विकला पाहिजे. माळ्यावरची खोकी उतरवली. एकाहत्तर जोडांचा माल निघाला. चांगली शिवण, पक्के तळवे, वाण्याच्या हिशेबाने पाहिलं तर घरात पैसाच निजलेला. वहिनींना हुरूप आला. त्यांनी खोक्यातला एक बूट काढला, काचेतला त्याचा जोडीदार आणून शेजारी ठेवला आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या.

आता ही चूक कुणाची म्हणाल, तर वहिनींचीच. लग्न होऊन दुकानात आल्या तेव्हा काचेत अख्खे जोड मांडायचे आणि गर्दीत एखादा जोड हमखास चोरीला जायचा. नव्या सुनेने डोकं लढवलं: काचेत फक्त डावा मांडायचा, उजवा खोक्यात. एका पायाचा बूट कोण कशाला चोरेल? चोरी थांबली. नवऱ्याने साऱ्या बाजाराला कौतुक सांगितलं. तेव्हापासून अठरा वर्षं तोच नेम, काचेत डावा, खोक्यात उजवा. काच पश्चिमेला. रोज दुपारनंतर ऊन आत यायचं आणि डाव्यांचा रंग खात बसायचं. जो माल लवकर विकला गेला त्याचं काही बिघडलं नाही. जो राहिला त्याचा डावा उजव्याला ओळख देईना. एकाहत्तर जोड, आणि सारखा एकही नाही.

वहिनी रडल्या. अगदी मनापासून, नाक लाल होईपर्यंत रडल्या. मग त्यांना स्वतःचाच असा काही राग आला की उठून त्यांनी सगळे उजवे टोपलीत भरले आणि गच्चीवर नेले. डाव्यांचा उडालेला रंग परत येणार नव्हता. पण उजव्यांचा उडवता तर येईल?

गच्चीवर ओलं गोणपाट पसरलं, म्हणजे तापलेल्या फरशीने तळव्याचा गोंद सुटायला नको. त्यावर एकाहत्तर उजवे बूट ओळीने. दिवसातून चार वेळा वर जायचं, बूट फिरवायचे, गोणपाट भिजवायचं, खालून त्याचा डावा आणून रंग जुळवायचा. जुळला की बूट सावलीत.

रस्त्याला विषय मिळाला. शिंप्याने आपल्या गच्चीवरून विचारलं, "वहिनी, डावे रुसून गेले का हो?"

"डावे म्हणाले, आम्ही अठरा वर्षं ऊन खाल्लं, आता उजव्यांची पाळी!"

दीर तर ओशाळला. बाजारात लोक आपल्या घराण्याला हसतात म्हणे. वहिनींनी त्याला ऐकवलं, "हसू देत की. गेल्या वर्षभरात कुणी हसायलाही वर मान करून बघितलं नव्हतं आपल्या दुकानाकडे."

वरच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर मात्र रोज चार वेळा तिची पावलं वाजत होती. अकराव्या दिवशी, ती भर दुपारी टोपली घेऊन जाताना, भिंतीकडे बघत म्हणाला, "कातडी बुटांना बाराचं ऊन दाखवू नकोस. तडकतील. त्यांना सकाळचं."

वहिनींनी कातडी बूट तेवढे सावलीत सरकवले, आणि त्या दिवशी जिना उतरताना त्यांना हलकं वाटलं.

महिन्याभराने काचेवर पाटी लागली. वहिनींच्याच अक्षरात, मोठ्ठी: "रंग उन्हाने उडालेला आहे. दोन्ही पायांचा सारखाच उडालेला आहे. शिवण ओढून बघा. किंमत निम्मी. उधारी नाही, घरच्यांनाही नाही."

ज्यांनी महिनाभर गच्चीकडे बघून करमणूक करून घेतली होती, ते आता जवळून बघायला आले. शिवण ओढून बघितली, तुटेना. शिंप्याने स्वतःला एक जोड घेतला, मेव्हण्याला एक घ्यायला लावला. शोरूममध्ये पोरं कामाला होती, दिवसभर उभी असायची, तीही मालकाची नजर चुकवून इथून मऊ बूट घेऊन गेली. हे वहिनींनी दिराला दोनदा सांगितलं.

एकच जोड हटून बसला. डाळिंबी रंगाचा, नऊ नंबर. लग्नाच्या वर्षी नवऱ्याने हौसेने आणलेला. आठ दिवसांत खपेल म्हणाला होता. डावा अठरा वर्षांत विटकरी होऊन गेला होता, पण उजव्याचं कातडं इतकं अस्सल की महिन्याभराचं ऊन त्याच्या केसालाही धक्का लावेना. वहिनींनी हात टेकले आणि तो जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून दिला.

सत्तर जोडांच्या पैशांत शाळेचे काळे बूट आले, सगळे नंबर. मांडून झाल्यावर एक भिंत भरली. तीन भिंती रिकाम्या.

ठरल्या दिवशी दीर हजर. हातात कागद, मागे मोबाइलवाला, त्याच्या हातात टेप. "वहिनी, कष्ट केलेत, नाही म्हणत नाही. पण दुकान भरायचं ठरलं होतं. ही एक भिंत आहे."

"भिंतीभिंतीने विकता येत असेल तर बाकीच्या तीन विका, भाऊजी." बोलल्या खऱ्या, पण शब्द नवऱ्याचा होता आणि तो शब्दाचा पक्का. महिनाभर ऊन अंगावर घेऊनही आपण हरलो, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही गल्ल्यापुढून हलायची त्यांची तयारी नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक दमदार, एक ओढत आलेलं. नवरा कठड्याला धरून उतरत होता, सात महिन्यांनी. खाली आला, उभा राहिला, आधी भरलेली भिंत बघितली, मग रिकाम्या. दिराने लगबगीने कागद पुढे केला.

"नाही करत सही," तो म्हणाला.

"दादा, तुम्हीच म्हणाला होतात, दुकान भरलं तर..."

"म्हणालो होतो. वर बसून म्हणालो होतो. हिने एकटीने एक भिंत भरली. आता दोघं आहोत." त्याने कागदाची घडी करून भावाच्या खिशात परत ठेवली. "टेपवाल्यांना चहा पाज आणि घेऊन जा."

दिराची नजर खाली गेली. "दादा, तुमच्या पायात दोन रंगांचे बूट आहेत."

"माहीत आहे. नऊ नंबर माझाच." एक पाय डाळिंबी, एक विटकरी. तो तसाच स्टूल ओढून दाराशी, रस्त्याला दिसेल असा बसला. समोरून शिंपी पोट धरून हसला, तसे याने पाय आणखी पुढे लांब केले.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं, गल्ला उघडला आणि हात पुढे केला.

"जोडाचे पैसे ठेवा इथे. पाटी वाचली नाहीत का?"