मदर आयव्होरीननं फेटा सोडला

मदर आयव्होरीन रस्त्यानं निघाली की कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. डोक्याला चर्चच्या मदरचा पांढरा फेटा, वरून देवाचा निरोप आला तर लिहून घ्यायला फेट्यात खोचलेली पेन्सिल आणि हातात पितळी घंटा. वीस वर्षं तिनं सेंट थॉमस परगण्यातल्या त्या नदीकाठच्या गावाला बजावलं होतं, वादळाबद्दल, रमबद्दल, दुसऱ्याच्या बायकोबद्दल. ज्याला दिसतं आणि जो गप्प बसतो, त्याच्या माथी मेलेल्यांचं रक्त, असं ती मानायची. गाव मात्र दारात खुर्च्या टाकून, नारळाच्या वड्या चघळत ऐकायचं. फुकटची करमणूक, दुसरं काय!

त्या रविवारी नदीत बाप्तिस्मा होता. पांढऱ्या कपड्यांतले बारा जण कमरेएवढ्या पाण्यात, मध्ये पाळक लिनव्हल, काठावर ढोल आणि गाणी. ऊन लख्ख. गाता गाता आयव्होरीनला दिसलं, झिंगे पाणी सोडून खडकांवर चढत होते. एक-दोन नाही, शेकड्यांनी! पाण्यात पानं, काटक्या येऊ लागल्या. तिनं वर डोंगराकडे पाहिलं. तिथं काळंकुट्ट होतं.

तिनं घंटा बडवली. "बाहेर या! नदी चढतेय! बाहेर!"

"मदरच्या अंगात आलं रे!" ढोलवाला ऑर्विल आनंदानं ओरडला आणि दुप्पट जोरानं बडवू लागला.

ती किंचाळली, तसे लोक नाचू लागले. ती पाण्याकडे धावली, तर दोघींनी तिला पडू नये म्हणून प्रेमानं धरलं.

"येऊ दे, मदर, येऊ दे!"

"अगं भवान्यांनो, आत्मा नाही, पूर येतोय!"

"हालेलुया!" म्हणत एक म्हातारी तर हौसेनं पाण्यातच उतरली.

आयव्होरीन जितकी ओरडणार, तितके हे आत जाणार. चर्चच्या मदरचं उघडं डोकं आजवर गावात कुणी पाहिलं नव्हतं. तिनं हात झटकून सोडवले आणि फेट्याची गाठ ओढली.

पेन्सिल चिखलात पडली. विरळ पांढरे केस, मधोमध टक्कल. ऑर्विलचा हात हवेतच थांबला, गाणं तुटलं. त्या शांततेत वरच्या वळणावरून घरघर ऐकू आली.

"लिनव्हल," ती चुलीपुढं बोलावं तशी बोलली, "माणसं बाहेर काढ."

मग काय पळापळ! कुणी म्हातारीला उचललं, कुणी झुडपं धरून चढलं. शेवटचा पाय काठावर आला आणि लोंढा आला, मुळासकट आंब्याचं झाड घेऊन, ते उभे होते अगदी तिथूनच.

लिनव्हल स्वतःचा झगा काढू लागला. "मदर, आधी डोकं झाका."

"डोक्याचं राहू दे. माणसं मोज!"

त्यानं मोजली. म्हातारी धरून तेरा, एकही कमी नाही. तेव्हा कुठं आयव्होरीनला डोक्यावर वारा जाणवला, आणि तिनं लाजून दोन्ही हातांनी टक्कल झाकलं.