कीबोर्डवरच्या टिकल्या

माझ्या क्लासमध्ये आठ कॉम्प्युटर आहेत आणि आठही कीबोर्ड जुने. त्यांच्यावरची अक्षरं तर कधीच पुसली गेली होती, पण दोन्ही तर्जन्या जिथे ठेवायच्या त्या दोन बटणांवरची बारीक उंच रेघसुद्धा पोरींच्या बोटांनी झिजून सपाट झाली होती. ती रेघ बोटाला लागली की खाली न बघता टाइप करता येतं. नाही लागली तर हात भरकटतो. नवे कीबोर्ड घ्यायचं मी दर महिन्याला ठरवत होते आणि पुढे ढकलत होते. मग एक दिवस पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि सोळा बटणांवर एकेक खड्याची टिकली चिकटवली. झकास जमलं. पोरी म्हणाल्या, मॅडमनी कीबोर्डला सवाष्ण केलं. मीही हसले आणि स्वतःवर खूश झाले.

त्या बॅचमध्ये मखमलाबादकडून येणारी एक मुलगी होती. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंतीची. मराठी टायपिंगवर तिचा हात असा बसला होता की मी तिच्या मागे नुसती उभी राहून ऐकायची. क्लार्कच्या जागेसाठी तिने फॉर्म भरला होता, लेखी पास झाली होती, आता फक्त टायपिंगची परीक्षा राहिली होती. तिने मला एकदा सांगितलं होतं की ती क्लासला येते तेव्हा तिच्या वाटची फुलं वहिनी तोडते. दोघींचं ठरलं होतं, आधी नणंदेने शिकायचं, ती नोकरीला लागली की पुढच्या बॅचला वहिनीने यायचं. घरच्यांनी ते कसंबसं मान्य केलं होतं, एवढी एक परीक्षा बघू म्हणून.

परीक्षेला पाच दिवस असताना एका कीबोर्डवर चहा सांडला. नाइलाजाने नवा आणला आणि कौतुकाने तिलाच त्याच्यासमोर बसवलं. तिने नेहमीसारखं समोरच्या कागदाकडे बघत अर्धं पान मारलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. र च्या जागी क, क च्या जागी त. उजवा हात एक घर सरकला होता आणि तिला पत्ताच नव्हता. नव्या कीबोर्डवर रेघ होती, पण खड्याची सवय लागलेल्या बोटांना ती जाणवत नव्हती.

परीक्षेच्या कीबोर्डवर कोण टिकल्या लावून ठेवणार होतं? हा साधा विचार मला एवढ्या महिन्यांत एकदाही शिवला नव्हता. त्याच दुपारी मी सगळ्या टिकल्या नखाने खरवडून काढल्या आणि रोज तिला त्या नव्या कीबोर्डवर बसवलं. तिचा वेग निम्म्यावर आला, मग थोडा चढला, मग पुन्हा अडला. ती टाइप करत राहायची आणि मी उगाचच फडक्याने टेबलं पुसत फिरायची. जेवण जात नव्हतं. माझ्या आळसापायी या पोरीचं वाटोळं होणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

परीक्षेचं सेंटर ओझरच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात होतं. मी तिच्याबरोबर गेले. गेटपाशी तिने कपाळावरच्या टिकलीला हात लावला आणि हळूच विचारलं, "मॅडम, ही काढून बटणावर लावली तर चालेल? एकच."

"अजिबात नको," मी म्हणाले. "कॉपी समजून बाहेर काढतील."

तिने मान हलवली आणि आत गेली. मी मुळातच भित्री. सरकारी कागदावर सही करतानाही दोनदा पेन तपासते. बाहेर कडुनिंबाखाली बसून मी घड्याळ बघत राहिले, आणि नको म्हणाले ते बरोबर की चूक, हे काही केल्या ठरेना.

ती बाहेर आली तेव्हाच चेहऱ्यावरून कळलं. निम्म्यात हात सरकला होता. तीन ओळी चुकल्यावर लक्षात आलं, त्या खोडून पुन्हा मारेपर्यंत वेळ संपली. आम्ही बसची वाट बघत उभ्या राहिलो. मग ती म्हणाली की शेजारच्या मुलीचा कीबोर्ड हलत होता, तिने सरांना विचारून त्याच्याखाली कागदाची घडी घातली, सर काही बोलले नाहीत. "मीपण विचारलं असतं," ती म्हणाली, "पण तुम्ही नको म्हणाला होतात." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

निकालात तिचं नाव नव्हतं. ती क्लासला यायची बंद झाली. फोन करावा असं मला रोज वाटायचं आणि रोज मी काहीतरी निमित्त काढायची. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी केला, तर वहिनीने उचलला. नणंद फुलं घेऊन मार्केटला गेली होती. वहिनी फार मानाने बोलत होती. म्हणाली, "ती सांगते, मॅडमनी लय चांगलं शिकवलं, मलाच नाय जमलं."

खोटं कशाला बोलू, ते ऐकून क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी विचारलं, पुढच्या बॅचला तुम्ही येताय ना?

"नाय मॅडम. ती माझ्यापेक्षा लय हुशार. तिलाच नाय जमलं, तर मला काय जमणार? मीच घरात सांगितलं, माझं नाव नका घालू."

 मग मी सगळं सांगितलं. टिकल्या, कीबोर्ड, गेटपाशी मी नको म्हणाले ते. म्हणाले, तिला येत होतं, चूक माझी झाली.  

"मॅडम," वहिनी म्हणाली, "हे घरी येऊन सांगाल का? माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाय."