सरासरीत न बुडालेलं घर

"पाऊस किती धरायचा?" पाटलांनी फोनवर विचारलं.

"कुठला?" मी म्हटलं.

"कुठला म्हंजे? वरनं पडतोय त्यो. एक आकडा द्या की काका, डिझाइन अडलंय."

आमच्या धंद्यातली सगळी भांडणं या एका आकड्यापाशी सुरू होतात. पाऊस कुठे किती पडतो, त्यातला जमीन किती पिते आणि उरलेला कोणाच्या दारात जातो, याचा हिशेब करणं हे माझं काम. सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आणि रस्ते बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे कन्सल्टंट म्हणून लागलो. कन्सल्टंट म्हणजे ज्याला सगळे विचारतात आणि ज्याचं कोणी ऐकत नाही. पाटील तिथले प्रोजेक्ट मॅनेजर. कोल्हापूर जिल्ह्यातले, शिरोळकडचे. कामाला वाघ. डोंगर आडवा आला तर डोंगरालाच नोटीस काढतील असा माणूस.

काम गोव्यातलं, पेडण्यात, डोंगराच्या बाजूचं. तिथे एका वाडीजवळून व्हाळ उतरतो, व्हाळ म्हणजे ओढा. जुन्या रस्त्याखाली त्याच्यासाठी चिऱ्यांची मोरी होती, पाण्याला पलीकडे जायला ठेवलेली वाट. ती एवढी ऐसपैस की तिच्यातून बँडसकट वरात गेली असती आणि नवरदेवाला घोड्यावरून उतरावंही लागलं नसतं. आता रस्ता रुंद करायचा, उंच करायचा आणि मोरीच्या जागी सिमेंटचा पाइप घालायचा होता. पाइप केवढा हवा, हे पावसावर ठरतं. म्हणजे पुस्तकात. साइटवर ते आधीच आणून टाकलेल्या पाइपांवर ठरतं. पाइप रस्त्याकडेला येऊन पडले होते. दुपारी त्यांत कुत्री झोपायची आणि बाहेर येताना मान वाकवायची.

आता हा आकडा एक का नसतो, ते सांगतो. ज्या जमिनीवर पडलेला थेंब शेवटी एकाच नदीत जातो, तिला खोरं म्हणतात. आमची नदी घाटातून निघते आणि मोरजीला समुद्राला मिळते. या खोऱ्यात पर्जन्यमापक म्हणावेत असे दोनच. एक खाली मोरजीकडे, एक वर घाटाखाली. मोटारसायकलने मध्ये दोन चहा घेतले की एकाकडून दुसऱ्याकडे पोचता येतं. पण पावसाचे देश वेगळे.

जून किनाऱ्याचा. समुद्रावरून तो आडवा येतो. केरीला मी एकदा छत्री उघडली, तर छत्री तेरेखोलला गेली आणि दांडा हातात राहिला. जुलै घाटाचा. ढग डोंगराला टेकतात आणि तिथेच रिकामे होतात. खाली बोटभर पडला तर वर हातभर. तिकडे जुलैत मासे रस्ता ओलांडतात, हॉर्न वाजवावा लागतो. सप्टेंबर कोणाचाच नसतो. ऑक्टोबरात पाऊस उलटा फिरतो. संध्याकाळी पूर्वेकडून गडगडाट करत येतो, एका वाडीला झोडपतो आणि शेजारच्या वाडीत अंगणातलं भातही भिजवत नाही. पुढे महिनोन्महिने सगळीकडे सारखंच, म्हणजे काही नाही.

पाटलांनी दोन्ही मापकांचे आकडे घेतले, बेरीज केली, दोनाने भागलं. त्याला ते खोऱ्याची सरासरी म्हणत.

मी त्यांना सांगितलं की एका माणसाचे दोन जावई होते, एक ताडमाड आणि एक बुटका. त्याने दिवाळीला सरासरी मापाचे दोन सदरे शिवले. एकाचं पोट उघडं पडलं आणि दुसरा सदऱ्यात शोधावा लागला. पाटील खूप हसले. मग म्हणाले की गोष्ट झकास आहे, पण पाइप आलेत आणि डिझाइन सरासरीवरच अप्रूव्ह होतं.

रस्त्याच्या वरच्या अंगाला, खोलगटात, जानकीकाकीचं घर होतं. नवरा गेल्यावर काकीने म्हापशाच्या बाजारात भाजी विकून ते उभं केलेलं. चिरे मातीत रचलेले, कारण सिमेंटपर्यंत भाजी पोचली नाही. मागे पोरसू होतं, त्यात मिरच्या, लाल भाजी, आणि एक पपई जी मी सोडून कोणालाही गोड लागायची. साइटवर गेलो की काकी मला चहा द्यायची आणि माझ्या थापा ऐकून घ्यायची. पाइप बसवत होते त्या दिवशी मात्र तिने मला थापेच्या मधेच थांबवलं.

"बाब, फटी मारूं नाका. उदक घरांत येतलें?"

"जूनात नाही येणार," मी म्हटलं. "जुलैत येईल."

"मागीर सांग मरे तांकां."

"त्यांना सांगितलं."

"आनी?"

मी चहा प्यायलो.

जून आला आणि किनाऱ्यावर कोसळला. पेपरात फोटो आले. पाटील मुद्दाम मला घेऊन साइटवर गेले. पाइप अर्ध्यावर वाहत होता, पाणी गुण्यागोविंदाने पलीकडे जात होतं. पंचायतीतली माणसं जमली होती, त्यांनी मला 'ढगांचा भटजी' असं नाव ठेवलं आणि पुढचा मुहूर्त कधीचा म्हणून विचारलं. मी समजावत राहिलो की डोंगरावरचा सडा, म्हणजे चिऱ्याचा माळ, मे महिन्यात एवढा तहानलेला असतो की जूनचा पाऊस तो एका घोटात पितो. पोट भरल्यावर पुढचा सगळा तो खाली सोडतो, आणि नेमका तेव्हाच घाटातला पाऊस सुरू होतो. पाटलांनी पाइपासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

जुलैतल्या त्या दिवशी मी मोरजीला मापक बघायला गेलो होतो. तिथे ऊन होतं. वाळूवर पर्यटक उताणे पडले होते. मापकात एवढंच पाणी की चिमणीनेसुद्धा कटकट केली असती. पूर्वेकडे डोंगराच्या जागी नुसता काळा रंग होता. तेवढ्यात काकीच्या शेजाऱ्याचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "व्हाळ आयलो."

मी पोचलो तेव्हा रस्ता धरण झाला होता. पाइप तोंड भरून ओकत होता, पण येणारं पाणी त्याच्या कितीतरी पट होतं. ज्याला वाट मिळाली नाही ते खोलगटात थांबलं होतं. काकीने देव बाहेर काढले होते, मग गॅसचा सिलिंडर, मग कोंबड्या. कोंबड्या देवांशेजारी ओळीने बसल्या होत्या. ती पुन्हा आत जायला निघाली तेव्हा शेजाऱ्याने तिचा हात धरला. मातीत रचलेले चिरे पाण्यात उभे राहिले की आतली माती विरघळते. मागची भिंत पडली असं म्हणता येणार नाही, ती खाली बसली. मग छप्पर तिच्या मागे गेलं. फारसा आवाज झाला नाही. मी आयुष्यात हजार पूर रंगवून सांगितलेत. या पुरात रंगवायला काही नव्हतं.

काकी देवळाच्या सभामंडपात राहायला गेली. घर पुन्हा उभं राहायचं तर एकच मार्ग होता. पाणी पाइपामुळे तुंबलं असं चौकशीच्या रिपोर्टात यायला हवं होतं. मग ठेकेदाराला पाइपही बदलावा लागला असता आणि घरही बांधून द्यावं लागलं असतं. रिपोर्ट ठेकेदाराकडूनच जायचा होता, तो मी लिहिला. व्हाळ डोंगरातला, म्हणून घाटाखालच्या मापकाचा पाऊस धरला. हिशेब सरळ होता, पाइप अपुरा.

पाटलांनी साइटच्या केबिनमध्ये तो वाचला आणि विचारलं, "सरासरी कुठाय काका?"

"मोरजीचं ऊन या व्हाळात कशाला मिसळायचं?"

"डिझाइन सरासरीवर झालं, तर चौकशीबी सरासरीवरच व्हायची. त्या दिवसाचं काढा. वर भरपूर, खाली काय न्हाई. भागिले दोन. पाइप पुरून उरतोय."

"मग घरात पाणी कसं आलं?"

"हिशेबानं येत न्हाई."

मी विचारलं, "पाटील, तुमच्या शिरोळला पूर येतो तेव्हा पाऊस कुठे पडलेला असतो?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वर घाटात, गगनबावड्याला," ते म्हणाले. "आमच्यात आभाळ मोकळं असतंय. गच्चीवर कपडे वाळत घातल्यात आणि खाली उंबऱ्याला पाणी. म्हशी सोडून शाळेत जाऊन राहिलोय आम्ही. मला काय शिकवताय?"

"मग?"

"तिथं माझं घर हाय, काका. इथं माझी सही हाय."

मूर्खाशी भांडता येतं. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्याशी कसं भांडणार? मी सही करणार नाही म्हटलं. ते म्हणाले, चालेल. चाललंच.

रिपोर्ट पाटलांच्या सहीने, सरासरी धरून गेला. खोऱ्यातला पाऊस त्या दिवशी मध्यम, पाइप पुरेसा, पाणी तुंबण्याचं कारण आढळत नाही, घर बांधकाम कच्चं असल्याने पडलं. मी तो सभामंडपात बसून काकीला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. निवडून झाल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"मोरजेंत पाऊस पडलो ना," ती म्हणाली, "म्हूण म्हजें घर बुडलें ना?"

"कागदावर तसंच आहे, काकी. तिथे पडला नाही, म्हणून इथे बुडालं नाही."

तिने सूप उचललं आणि आत गेली. चतुर्थीच्या आधी ती केरीला बहिणीकडे निघून गेली. तिथे मागच्या बाजूला तिला एक खोली मिळाली. भाजी लावायला जागा नाही, सगळी वाळू.

मी एवढंच करू शकलो की जुन्या खात्यात जाऊन आरडाओरडा केला. खोऱ्याच्या मध्ये, त्या वाडीत, एक तिसरा मापक हवा म्हणून मी नोकरीत असल्यापासून मागत होतो. यावेळी तो मंजूर झाला. पण मापकाला मोकळी जागा लागते. जवळ झाड नको, छप्पर नको, नाहीतर पाऊस अडतो. त्या वाडीत माड, फणस आणि घरं सोडून काहीच नाही. साहेब लोकांनी फिरून बघितलं आणि नियमात तंतोतंत बसणारी एकच जागा निघाली. काकीच्या घराचं जोतं. आता तिथे छप्परही नव्हतं आणि पोरसातली झाडंही गेली होती.

मी म्हटलं की इथे पाणी तुंबतं, मापक बुडेल. तरुण अधिकारी माझ्याशी फार अदबीने बोलला. म्हणाला की इथे पाणी तुंबत नाही, तसा चौकशीचा रिपोर्ट आहे.

जागेची परवानगी मागायला मला केरीला पाठवलं. काकीने सगळं ऐकून घेतलं. "घाल," ती म्हणाली. "म्हजें रावलें ना, तुमचें डबें तरी रावूं." मापक म्हणजे तिच्या लेखी डबा; तिचं घर राहिलं नाही, तो तरी राहो.

पुढच्या जूनात मापकाने सुरेख काम केलं. माझं म्हणणं त्याने रोज आकड्यात लिहिलं. इथला पाऊस मोरजीसारखा नाही, घाटाकडचा आहे. मग जुलै आला, व्हाळ आला, रस्त्याने पाणी अडवलं आणि मापक बुडाला. बुडालेल्या मापकाचं रीडिंग धरत नाहीत. ज्या दिवसाचा आकडा नाही तो आजूबाजूच्या मापकांवरून भरायचा असा आमच्याकडे दंडक आहे. कॉम्प्युटरने तो आपोआप भरला. घाटाखालचा अधिक मोरजीचा, भागिले दोन.

त्याच आठवड्यात काकीचा फोन आला. औंदूं, म्हणजे यंदा, उदक आयलें काय, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, आलं.

"कितलें?"

"ते कळलं नाही. डबा बुडाला."

"मागीर उदक आयलेंच ना म्हूण बरयलें आसतलें," ती म्हणाली. पाणी आलंच नाही, असंच लिहिलं गेलं होतं. मग मला पपई पाठवते म्हणाली, केरीच्या बाजारातली.

एवढ्या वर्षांच्या नोकरीतून मी एवढंच शिकलो. पाऊस मोजणं अवघड नाही, मापक कोरड्या जागी ठेवला की झालं. बुडणाऱ्या जागेचा आकडा कधीच मिळत नाही, म्हणून ती जागा कधीच बुडत नाही.