दगडावरची जास्तीची खूण

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये होते. घरात गुलाबी कागदांचे गठ्ठे असायचे, पण खाली नाव छापल्याशिवाय एकही पत्रक ते उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसत. पोलीस आले तरी चालतील, निनावी नको. त्यामुळे काहीही पाहिलं की हे कोणी केलं, असं विचारायची मला खोड लागली. शारजात अल नहदाला राहायला आले तरी ती गेली नाही.

हमरिया फ्री झोनमधली आमची कंपनी प्रदर्शनांसाठी प्रतिकृती आणि फलक बनवते. फलकांवरचा मजकूर मी लिहिते. गेल्या हिवाळ्यात अबुधाबीच्या एका प्रदर्शनासाठी उरार्तू नावाच्या प्राचीन राज्याचं काम आलं. आर्मेनियात एका टेकडीवर त्याच्या एका राजाने सुमारे अठ्ठावीसशे वर्षांपूर्वी किल्ला बांधला. खाली दगड, वर कच्च्या विटा. त्याचं मॉडेल आणि बांधकामाचा शिलालेख आम्हाला करायचा होता.

शिलालेखांचे अनुवाद वाचले आणि माझं डोकं फिरलं. देवाच्या कृपेने मी हा किल्ला बांधला, राजा म्हणतो. आधी इथे ओसाड होतं, मी थोर कामं केली, दुसऱ्या मुलखांतून हजारो माणसं आणून वसवली. सगळीकडे मी. आणलेल्या माणसांचा नुसता आकडा. मला बाहेरून आणलेल्या कामगारांचं आमचं यार्ड दिसायला लागलं.

तो शिलालेख यार्डात सगळे ज्यांना मामा म्हणतात ते कोरत होते. मंगळवेढ्याकडचे पाथरवट, वीस वर्षांपासून इथे. खिळ्यांसारखी ती अक्षरं मशीन आखून देई, बाकी सगळं काम त्यांच्या टाकीचं. काळा दगड बघून म्हणाले, "हा तर आपल्याकडचाच. राजाला सांगा, काळजी करू नको."

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. काम पुरं झालं की दगडाच्या तळाला, जो भाग कायमचा दबून राहणार तिथे, चिमणीच्या पावलासारख्या तीन रेघा मारायच्या. त्यांच्या आज्याची खूण गावच्या देवळाच्या पायरीखाली आहे म्हणे.

"कुणाला दिसतच नाही तर उपयोग काय, मामा?"

"दगडाला माहीत असतंय की."

"राजा पुढे आणि तुम्ही खाली?"

"ताई, तुम्ही लगेच सभाच घेता."

मी आठवडाभर सभा घेतली. अखेर त्यांनी शेवटच्या ओळीखाली, अगदी समोर, तीन रेघा मारल्या. त्या अक्षरांत खपून जातील असं मला वाटलं होतं. प्रदर्शनाकडून पाहणीला आलेल्या आर्मेनियन बाईंनी पाच मिनिटांत बोट ठेवलं. हे मुळात नाही, म्हणाल्या आणि गेल्या.

आमचे मॅनेजर पुण्याचे. "म्युझियमचा पीस आहे हा. किल्ल्याच्या भिंतीवर बदाम काढतात तसलं काय हे?"

"माझी खूण आहे, साहेब," मामा म्हणाले.

"घासून टाका. खलास."

"आपली खूण आपण पुसत नाही आमच्यात. दुसरा दगड कोरून देतो."

"डिलिव्हरी कधी आहे माहितीये? आणि तुमचा व्हिसा याच महिन्यात रिन्यूअलला आहे ना? मी कशाला सही करू, सांगा."

पत्रक मी लिहिलं होतं आणि खाली नाव त्यांचं छापलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मी सांगितलं होतं त्यांना," मी म्हणाले. "ते नको म्हणत होते."

"लेखी देशील?"

तिथेच उभ्या उभ्या मी मेल लिहिला, वरच्या साहेबांनाही कॉपी ठेवली. कल्पना माझी, आग्रह माझा, कोणाला काढायचं तर मला काढा. खाली आणखी एक ओळ लिहिली: दगड कोरणाऱ्याचा उल्लेख फलकावर हवा, ही मागणी कायम आहे.

मॅनेजरांनी फोनवर मेल वाचला. "माफी मागतेयस की धमकी देतेयस?"

"माफी मामांची मागायची आहे. तुमच्याकडे मागणी केली आहे."

मला वॉर्निंग लेटर मिळालं. मामांच्या व्हिसाच्या कागदावर सही झाली, कारण तेवढ्या दिवसांत दुसरा दगड कोरणारं यार्डात दुसरं कोणी नव्हतं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दगडावर पाणी मारा जरा, धूळ उडतेय. भाषणाशिवाय काही येतंय का बघू." मी रोज जेवणाच्या सुट्टीत पाणी मारलं. या वेळी खूण तळाला गेली आणि मी तोंड उघडलं नाही.

पाथरवटाची ओळ मी तीनदा लिहिली, तीनदा काढली गेली. पण फलकाचं पहिलं वाक्य त्यांना काढता आलं नाही, कारण ते राजाच्याच दगडावरचं होतं: दुसऱ्या मुलखांतून हजारो माणसं इथे आणली गेली. राजा दुसऱ्या वाक्यात आहे.

एका रविवारी मी मामांना बसने अबुधाबीला घेऊन गेले. त्यांनी फलक वाचला नाही. वाकून दगडाची खालची कड बघत राहिले. समोर खूण असायला हवी होती, असं मला तिथेही वाटत होतं आणि अजूनही वाटतं. रखवालदार जवळ आला आणि हिंदीत म्हणाला, चाचा, हात लावू नका.

"लावून झालाय," मामा म्हणाले.