भाग्यश्रीच्या पेशी आणि भैरूमामांची पूजा

भाग्यश्री बिबवेवाडीला माझ्याकडे भाड्याने राहायला आली ती सोमवार, १० जुलै २०२३ रोजी, सकाळी साडेदहाला. बरोबर एक ट्रंक, दोन पिशव्या आणि वडील. वडील म्हणजे बद्रीनाथराव, जिंतूरचे, एसटीत कंडक्टर. त्यांनी खिडक्यांचे गज हलवून पाहिले, मला माझं वय विचारलं आणि उत्तर ऐकून समाधानाने पंख्याखाली बसले.

“काय शिकणार मुलगी?” मी विचारलं.

“रोगांचं जीवशास्त्र. विद्यापीठात, एम. एस्सी.”

“म्हणजे डॉक्टर होणार?”

“नाही.”

“मग काय होणार?”

“तेच विचारायला दोन वर्षांनी येतो,” बद्रीनाथराव म्हणाले. “तोवर नोकरी किंवा पीएच.डी.ची जागा मिळाली तर उत्तम. नाहीतर जिंतूरला एक स्थळ आहे. मुलाचं मेडिकल स्टोअर आहे. तिच्याच लायनीतला.”

भाग्यश्रीने ट्रंक पलंगाखाली इतक्या जोराने सरकवली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

आमच्या सोसायटीला ‘रोग’ एवढा शब्द पुरला. आठवड्याच्या आत दिग्विजय देशमुख आईचा साखरेचा रिपोर्ट घेऊन दारात उभे.

“काका, मी डॉक्टर नाही.”

“ते तुझं तू बघ. सात पूर्णांक नऊ आलंय, ते सांग.”

दुसऱ्या वर्षी तिला प्रकल्प मिळाला. डेंग्यूच्या विषाणूवर एका रसायनाचा काही परिणाम होतो का, हे बघायचं. विषाणू नुसता वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. त्या पेशी माकडाच्या मूत्रपिंडातल्या. हे ती जेवताना सांगत होती आणि स्वयंपाकाच्या चंपाबाई पोळी हातात घेऊन ऐकत होत्या.

“मग त्या माकडाचं काय झालं?”

“ते साठेक वर्षांपूर्वीच गेलं, मावशी. पेशी अजून वाढताहेत.”

चंपाबाईंनी पोळी ताटात ठेवली आणि हात जोडले.

या पेशींचं खाणं म्हणजे एक गुलाबी पाणी. ते दिवसाआड बदलावं लागे. रविवार नाही, सण नाही. गौरी जेवल्या त्या दिवशी ही पुरणपोळी अर्धी टाकून पळाली. मी रोज संध्याकाळी विचारायची, “कशा आहेत?” ती म्हणायची, “चिकटल्यात.” बाटलीच्या तळाला चिकटून बसल्या म्हणजे प्रकृती उत्तम. आमच्या घरात एवढी विचारपूस कोणाच्या सासूचीही झाली नव्हती.

तिच्या मार्गदर्शक सत्यशीला मॅडम. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की डिसेंबरअखेर आकडे हातात आले तर पीएच.डी.साठी मी शिफारसपत्र देईन. आकडे नाहीत तर पत्र नाही. म्हणजे त्या बाटल्या जगल्या तर पीएच.डी., आणि मेल्या तर मेडिकल स्टोअर, असा साधा हिशेब होता.

सोमवारी, १४ ऑक्टोबरला ती आली आणि चपलांसकट खुर्चीत बसली.

“आजी, पिवळं झालं.”

गुलाबी पाणी पिवळं आणि गढूळ झालं, म्हणजे आत जंतू शिरले. सगळ्या बाटल्या गेल्या होत्या. तिने फडताळं पुसली, नव्या पेशी लावल्या. त्याही गेल्या. तिसऱ्यांदाही तेच. मॅडम म्हणाल्या, “हात नीट धुता का आपण?” मॅडम ‘आपण’ म्हणाल्या की समजावं, पाणी डोक्यावरून गेलं.

तिने हात इतके धुतले की कातडी निघाली. नखं कापली, अंगठी काढली. दही सोडलं, कारण दह्यात जंतू. माझं इडलीचं पीठ शेजारी पाठवलं. दिग्विजयरावांना तिने दारातूनच सांगितलं, “काका, लांबून बोला.” त्यांना वाटलं, काहीतरी साथ आली आहे. दुसऱ्या दिवशी अर्धी सोसायटी मास्क लावून जिना उतरत होती.

१० नोव्हेंबरला, रविवारी, तिने ते पेशी ठेवायचं उबदार कपाट पूर्ण रिकामं केलं. हे जुनं, कोपऱ्यातलं कपाट तिच्या एकटीच्या वाट्याचं होतं. त्याच्या तळाशी हवा दमट राहावी म्हणून पाण्याचं एक स्टीलचं भांडं असतं. ते भरणं हे प्रयोगशाळेतल्या भैरूमामांचं काम, म्हणून तिने ते कधी बाहेर काढलं नव्हतं. आज काढलं. पाण्यात एक सुपारी होती, फुगलेले तांदळाचे दाणे होते आणि झेंडूची एक पाकळी.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा होते. दरवर्षी होते, सगळीकडे होते. यंत्राला बाहेरून हळदकुंकू, वर फूल, एक नारळ, पेढे. सत्यशीला मॅडमसुद्धा तबकाला हात लावतात. यंदाची पूजा बाटल्या पिवळ्या पडायच्या दोन-तीन दिवस आधीच झाली होती.

तिने फोनवर विचारलं, तर संध्याकाळी भैरूमामा स्वतः माझ्याकडे आले. लोणी काळभोरचे, साठीला टेकलेले, कंत्राटावरचे. बसा म्हटलं तरी बसेनात. भाग्यश्रीपुढे हात जोडून उभे राहिले.

“ताई, माजं चुकलं. समद्या मशिनींना भाईरनं लावलं. तुमची तेवढी आतनं बी केली.”

“पण का, मामा?”

“तुमी रईवारच्या बी येता. म्हनलं पोरीला यश येऊ द्या. आत पानी हाय, भांडं हाय. कलश मांडल्यागत दिसलं. मंग सुपारी न्हाई टाकायची व्हय?”

भाग्यश्रीला रडायचं होतं, पण आधी हसू आलं आणि मग दोन्ही एकदम. चंपाबाई आतून म्हणाल्या, “माकडाला पोचली असेल पूजा.”

मॅडमनी लेखी खुलासा मागितला. भैरूमामांचं नाव लिहिलं असतं तर महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट संपलं असतं. न लिहावं तर दोष हिच्या हातांचा. दोन दिवस ती लिहीत होती आणि फाडत होती. शेवटी लिहिलं: ‘पाण्याच्या भांड्यात सुपारी एक, तांदूळ अकरा दाणे, पाकळी एक. भांडं तपासणं माझी जबाबदारी होती. मी चार महिने तपासलं नाही. तिथे पाणी कशासाठी असतं, हे भरणाऱ्याला कोणी सांगितलेलं नाही.’ आणि कपाटावर कागद चिकटवला: ‘पूजा बाहेरून करावी. आतल्यांना उपवास आहे.’

खुलासा वाचून मॅडम म्हणाल्या, “प्रामाणिक आहे. पण हे आकडे नव्हेत.” नव्या पेशी लावून आकडे काढायला डिसेंबर पुरला नाही. पत्र मिळालं नाही. पीएच.डी.ची जागा गेली.

बद्रीनाथरावांचे फोन वाढले. एप्रिलमध्ये सोलापूर रस्त्यावरच्या एका लस बनवणाऱ्या कंपनीने गुणवत्ता विभागासाठी मुलाखतीला बोलावलं. तिथे विचारलं, “तुमचा मुख्य निष्कर्ष काय?”

“निष्कर्ष नाही. सुपारी आहे,” ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

समोरचे तिघे हसले. मग त्यातल्या एकाने गंभीरपणे विचारलं, “कोणी टाकली होती?”

“नाव सांगितल्याने पुढची सुपारी थांबत नाही, सर. पाणी कशासाठी असतं ते सांगितल्याने थांबते.”

नोकरी मिळाली. जिथे काही उगवू नये, तिथे काही उगवलं नाही ना, हे रोज बघायचं. बद्रीनाथरावांनी फोनवर दोनदा विचारलं, “म्हणजे काहीच झालं नाही तर पगार?” “हो, बाबा.” मग म्हणाले, “एसटीत असंच पाहिजे होतं.”

कंपनी इथून लांब, लोणी काळभोरहून जवळ. भैरूमामांनी हट्टाने आपल्या घरची वरची खोली देऊ केली. रविवारी, १ जूनला मी तिला पोचवायला लोणी काळभोरला गेले. भैरूमामांची बायको सरुबाई भाकरीचं ताट घेऊन पुढे आली, तर भाग्यश्री ट्रंक अंगणातच टाकून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होती.

“टाकीला झाकण आहे का हो, मावशी?”

“व्हतं. वाऱ्यानं गेलं.”

“किती दिवस झाले?”

सरुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “अवो, ही पोरगी ऱ्हायाला आलीया का तपासनीला?”

“दोन्हीला,” भाग्यश्री म्हणाली आणि पदर नसतानाही तो खोचल्यासारखी ओढणीला गाठ मारून जिना चढू लागली.